दातात धरलेलं बटण

सहावं बाड वाचून संपलं त्या दिवसापासून ओर्सेताला अन्न गोड लागेना. एकोणसत्तर वर्षांची बाई, दात अजून शाबूत, पोट दगड पचवणारं. पण पोलेंताचा, त्या मक्याच्या लापशीचा, घास तोंडात घातला की तो तिथेच फिरत राहायचा. कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सहाव्या बाडाच्या शेवटच्या पानावर तो मेला लेलिओ पॅरिसहून व्हेनिसला परतला होता, आणि साल घातलं होतं सतराशे चौऱ्याहत्तर. त्या साली ओर्सेता एकोणीस वर्षांची होती आणि झोर्झीशी लग्न होऊन तिला आठ महिने झाले होते.

हा लेलिओ मारांगोन म्हणजे मुळात सुताराचा पोरगा. पुस्तकावर मात्र त्यानं स्वतःला 'कवालिएर' अशी सरदारी पदवी लावून घेतली होती. जन्मभर गावोगावच्या बायकांमागे हिंडला, म्हातारपणी ड्रेस्डेनकडे कुठेतरी भाड्याच्या खोलीत पडला, आणि मरायच्या आधी आपल्या साऱ्या लफड्यांची जंत्री लिहून मोकळा झाला. पुस्तक छापलं परमुलखात, इथे त्याला सरकारची बंदी. म्हणून ते न शिवलेल्या बाडांनी यायचं. एक बाड एका घरात तीन दिवस, मग पुढच्या घरी. ओर्सेता-झोर्झीकडे ते मोमोलो हजाम आणायचा, हजामतीच्या फडक्यांत गुंडाळून. बायकांची नावं लिहिण्याइतका लेलिओ असभ्य नव्हता. एक अक्षर आणि पुढे टिंबं. पण घराची खूण अशी चोख द्यायचा की परक्या नावाड्यानंही दार दाखवावं.

चौथ्या बाडात विहिरीसमोरचं घर निघालं होतं, खिडकीखाली दगडी मासा असलेलं. म्हणजे औषधवाल्याची विधवा लुग्रेझिया. लेलिओ म्हणे त्या खिडकीतून अकरा रात्री चढला. ओर्सेताला पक्कं ठाऊक होतं की तो सबंध हिवाळा लुग्रेझिया देवीच्या आजारानं खाटेला खिळली होती. तिच्या तोंडात पाणी घालायला ओर्सेताच जायची. पण छापलेल्या अक्षरापुढे कोण कुणाचं ऐकतंय? मुलानं आईच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या, सून तिच्याबरोबर जेवायला बसेना, आणि पंधरा दिवसांत लुग्रेझियाची खाट बोटीत चढली. मेस्त्रेला, बहिणीकडे. ओर्सेता पुलावर उभी राहून बघत होती. खाटेवर पक्ष्याचा पिंजरा होता, आणि शेजारी लुग्रेझिया पाठ करून बसली होती. देवीच्या आजाराचं सांगायला ओर्सेताला एकदा तोंड उघडता आलं असतं. तिनं उघडलं नाही. त्या पुस्तकाबद्दल बोलायचीच तिला भीती वाटायची.

ज्या बाईनं काही केलं नाही तिची ही गत. मग जिनं केलं तिचं काय होणार?

आणि ओर्सेतानं केलं होतं. यात लेलिओला तिखटमीठ लावायचीसुद्धा गरज नव्हती.

झोर्झी तेव्हा मुखवटे करायचा. दारावर पत्र्याचे दोन चंद्र टांगलेले, तीच दुकानाची पाटी. वर्षातले सहा महिने सारं शहर मुखवट्यात हिंडायचं, आणि बायकांत सगळ्यात जास्त मागणी मोरेत्ताला. काळ्या मखमलीचा गोल मुखवटा. त्याला ना फीत, ना दोरी. आतून तोंडापाशी एक हाडाचं बटण शिवलेलं असायचं. ते दातात धरलं की मुखवटा चेहऱ्यावर बसायचा. गावात मोरेत्ताला 'मुकी'च म्हणत, कारण बोलायचं म्हटलं की बटण सुटलं आणि मुखवटा पडला. बाई घुमी राहायची, आणि पुरुष त्या घुमेपणावर खुळे व्हायचे. झोर्झीच्या हातची मोरेत्ता घ्यायला दूरदूरच्या बायका यायच्या. बटणं शिवायचं काम ओर्सेताचं.

त्या सालच्या कार्निवालात झोर्झी मखमल आणायला पादोव्हाला गेला होता. ओर्सेतानं फळीवरची एक मोरेत्ता उचलली आणि दुपारची एकटीच बाहेर पडली. नुसतं हिंडून यायचं होतं, दुसरं काही नाही. पहिल्याच पुलावर लेलिओ मागे लागला. एक पूल, दोन पूल, तो बोलत राहिला आणि ती बटण दातात धरून चालत राहिली. चौथ्या पुलावर तो एका लठ्ठ सरदाराची अशी नक्कल करून दाखवायला लागला की ओर्सेताला हसू फुटलं, आणि मुखवटा त्याच्याच हातात पडला.

तीन दुपारी. चौथ्या दिवशी झोर्झी परतला, आणि कार्निवाल संपायच्या आत लेलिओ व्हिएन्नाला निघून गेला. ओर्सेतानं त्या मोरेत्ताचं बटण नवं शिवलं आणि ती फळीवर ठेवून दिली. मुलगी झाली ती पुढे दोन वर्षांनी, तेवढी एक भीती तरी नव्हती. कन्फेशनला पाद्रीबुवांनाही तिनं अर्धंच सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पन्नास वर्षं ती मूठ तिनं उघडली नव्हती.

पुढे राज्य बुडालं, मुखवट्यांना बंदी आली, दुकान गेलं. झोर्झी टोप्यांसाठी पुठ्ठ्याची खोकी करू लागला. सहा वर्षांपूर्वी त्याची दृष्टीही गेली. पत्र्याचे दोन चंद्र मात्र अजून खालच्या दारावर गंजत लटकत होते. रोज येता-जाता ओर्सेता त्यांच्याकडे बघायची आणि नजर फिरवून पुढे व्हायची.

झोर्झीला पुस्तकाचा भारी नाद. ओर्सेता लहानपणी जोगिणींच्या मठात वाचायला शिकलेली, त्यामुळे वाचायचं तिनं आणि हसायचं त्यानं. लेलिओनं आठवड्यात चार द्वंद्वं मारली की तो बोटावर मोजून दाखवायचा. "एक हात तर त्याचा दुसऱ्या द्वंद्वातच मोडला होता की गं. चौथं काय पायानं खेळला?" पण बायकांच्या बाबतीत तो असं मोजत नसे. लुग्रेझियाचं पान ऐकून एवढंच म्हणाला होता, "तिचा नवरा आधीच मेला, सुटला बिचारा." ते वाक्य ओर्सेताच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

गुरुवारी मोमोलो आला. पस्तिशीचा, बडबड्या. झोर्झीच्या गालांना साबण चोपडता चोपडता म्हणाला, "पारोन झोर्झी, सातवं बाड आलंय. आणि या खेपेला लांब जायला नको. आपलीच गल्ली आहे."

चुलीपाशी ओर्सेताच्या हातातली पळी थांबली.

"आपली गल्ली? कुणाकडे?" झोर्झीनं विचारलं.

मोमोलोनं तिच्याकडे बघितलं, गालात हसला, आणि झोर्झीच्या कानाशी वाकला. "दोन चंद्र," एवढं तिला ऐकू आलं. पुढचं कुजबुजणं होतं. झोर्झी ताठ बसला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "पान काढ. वाच मला." मोमोलो बाड खिडकीच्या उजेडाकडे धरून त्याच्या कानात वाचत राहिला. बराच वेळ. ओर्सेता पळी ढवळत होती, पण भांड्यात काय आहे हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. झोर्झीचा चेहरा साबणानं झाकलेला. हसला की रडला, काही कळायला मार्ग नव्हता.

"पुन्हा वाच," तो म्हणाला. मोमोलोनं पुन्हा वाचलं.

"बाईला काही बोलू नकोस," झोर्झी म्हणाला. हे त्यानं हळू सांगितलं असं त्याला वाटलं असावं. आंधळ्या माणसाला खोली किती लहान आहे याचा कधीकधी विसर पडतो.

मोमोलो जाताना दारात म्हणाला, "सिओरा ओर्सेता, तुम्ही तर छुप्या निघालात." आणि जिन्यावरून शीळ घालत उतरला. ओर्सेतानं पळी खाली ठेवली. ती चुलीपाशीच खाली बसली.

झोर्झीनं बाडाला दोरी बांधली. मुखवटेवाल्यांची गाठ, ती त्यांच्याशिवाय कुणाला सुटत नाही आणि सोडली तर पुन्हा तशी बांधता येत नाही. बाड त्यानं पाठीच्या उशीखाली सरकवलं.

"रविवारी वाचू," तो म्हणाला.

"आज का नको? नेहमी तर घाई असते तुम्हाला."

"रविवारी."

तीन दिवस. फाशीच्या माणसालाही इतके देत नसतील. ओर्सेता चुकून एकदा उशी सारखी करायला गेली, तर झोर्झीनं न बोलता तिचं मनगट धरलं आणि बाजूला ठेवलं. बाड कालव्यात टाकून द्यावं असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण ते रविवारी संध्याकाळी पुढच्या घरी जायचं होतं. गेलं नाही तर गल्लीभर विचारणा झाली असती, आणि पान फाडणाऱ्या घरातच चोर असतो हे सगळ्यांना माहीत. शिवाय आता फाडून काय उपयोग? ज्याच्यापासून लपवायचं त्यानं दोनदा ऐकलं होतं.

मग तो बोलत का नव्हता? शिव्या द्याव्यात, पेला फेकावा, काहीही. ते सोडून झोर्झी शांत होता. शुक्रवारी म्हणाला, "पेटीत एखादी मोरेत्ता उरलीय का बघ."

एक उरली होती. मखमल विटलेली, कसर लागलेली. झोर्झीनं ती मांडीवर घेतली आणि अंगठ्यानं आतलं बटण चाचपत राहिला. दुपारभर. ओर्सेता समोर बसून सार्डिन साफ करत होती आणि साफ झालेलाच मासा पुन्हा खरवडत होती.

"बटणं तू फार घट्ट शिवायचीस," तो मधेच म्हणाला.

"तुम्हीच सांगायचात तसं."

"एखादं सैल राहिलं असेल? दोरा लांब ठेवून?"

"नाही."

"चुकूनमाकून?"

"नाही हो. का विचारताय?"

"सहज." त्यानं सुस्कारा टाकला. "नाही म्हणतेस तर नसेल."

खाई त्याला खवखवे. ओर्सेताला वाटलं, हा मांजरासारखा आपल्याला खेळवतोय. उंदीर कुठे पळणार आहे, हे त्याला ठाऊक आहे. तिला लुग्रेझियाची खाट दिसू लागली. आपली खाट बोटीत कशी मावेल, याचा ती विचार करू लागली. मुलगी किओज्जाला, तिच्या घरात सासू, दीर, चार पोरं. कुठे ठेवील ती? आणि काय सांगून ठेवील?

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर झोर्झीनं चांगला कोट मागितला. चांदीच्या बटणांचा, लेकीच्या लग्नातला. मग म्हणाला, "फ्रितोले तळ. बेदाणे घाल भरपूर. आणि मालव्हाझियाच्या दारूची ती बाटली काढ."

"कुणी येणार आहे?"

"मोमोलो, त्याची बायको, शेजारचे दोघंतिघं. संध्याकाळी आवे मारियाच्या घंटेला येतील."

"लोक बोलावलेत? पुस्तकासाठी?"

"ऐकू देत की सगळ्यांना. पण आधी मला एकट्याला वाचून दाखव. तुझ्या आवाजात ऐकायचंय." त्यानं उशीखालून बाड काढलं, गाठ सोडली. "सावकाश वाच. आणि एक अक्षर गाळायचं नाही. गाळलंस तर मला कळेल."

ती खिडकीपाशी बसली. खालून कालव्यात कुणाची तरी होडी भिंतीला घासत गेली. तिनं वाचायला सुरुवात केली.

लेलिओ एका सरदाराच्या घरातून तीन चादरी एकमेकींना बांधून उतरला. खाली बावीस तलवारी उभ्या होत्या. त्यातल्या नऊ त्यानं मोडल्या, बाकीच्या पळाल्या. एरवी झोर्झीनं इथे टेबलावर थाप मारली असती. आज तो हसला नाही. हात मांडीवर, मान जराशी पुढे, कान इकडे. ओर्सेता वाचत गेली. एक पान. दुसरं पान. तिसरं उलटलं आणि वरच्याच ओळीत तिला ते दोन शब्द दिसले. दोन चंद्र.

अक्षरं एकमेकांत मिसळली. तिला पुढचं काही वाचवेना, नजर तिथून हलेना आणि तिथे ठरेनाही. तरी तोंड चालू राहिलं, कसं ते तिलाच ठाऊक नाही.

"...आणि मग मी पादोव्हाला गेलो," ती म्हणाली. "तिथे एक पाववाली राहत होती. तिच्या भट्टीला... तिची भट्टी फार मोठी होती..."

"ओर्सेता."

"हो?"

"तिथे पाववाली नाही."

झोर्झीनं आवाजही चढवला नाही. त्यानंच तिचा धीर सुटला. तिनं बाड मांडीवर उलटं घातलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

"तुम्हाला सगळं ठाऊक आहे," ती म्हणाली. "गुरुवारपासून ठाऊक आहे. मग मला असं का भाजताय हो विस्तवावर? लोकांसमोर वाचायला लावण्यापेक्षा आत्ताच घालवून द्या. मी जाते. तुम्ही पादोव्हाला मखमल आणायला गेला होतात तेव्हा. तीन दुपारी. मी आपणहून गेले, त्यानं ओढून नेलं नाही, हेही सांगते, लपवत नाही. हसले आणि मुखवटा पडला, आणि मग मी घरी परत फिरले नाही. त्यानंतर एकदाही नाही, दुसऱ्या कुणाबरोबरही नाही. मुलगी तुमचीच आहे, देवाशपथ. पन्नास वर्षं माझ्या पोटात दुखतंय ते. घ्या. आता सांगितलं."

झोर्झी हलला नाही. त्याचा अंगठा कोटाच्या चांदीच्या बटणावर होता, तो तिथेच राहिला. फ्रितोले तळून झाल्यावर चुलीवरच राहिलेलं तेल तापून धूर यायला लागला, तेव्हा ओर्सेता उठली, कढई उतरवली, आणि परत येऊन बसली. त्यानं मान वळवली नव्हती.

"वाच," तो म्हणाला.

"आता कशाला?"

"वाच म्हणतो ना."

तिनं बाड सुलट केलं. आता भ्यायचं काय उरलं होतं? मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि वाचत गेली.

"'दोन चंद्रांच्या पाटीखाली एका मुखवटेवाल्याची नवपरिणीत पत्नी राहत असे, ओ... नावाची. सर्व युरोपात मी एकदाच पराभूत झालो, तो या स्त्रीकडून. सात पुलांपर्यंत मी तिचा पाठलाग केला. काळ्या मखमलीची मोरेत्ता तिच्या मुखावर होती, आणि त्या मोरेत्तामागून ती शांत स्वरात मला म्हणाली: कवालिएर, माझा पती साऱ्या शहराला चेहरे करून देतो. माझा चेहरा मात्र मी त्याच्यासाठी राखून ठेवला आहे. तो तुम्हाला दिसणार नाही. आणि मुखवटा क्षणभरही दूर न करता ती पाठ फिरवून निघून गेली. त्या मुखवटेवाल्याचा मला आजही हेवा वाटतो.'"

ओर्सेता थांबली. पुढची ओळ व्हिएन्नाची होती. तिनं मागे जाऊन पुन्हा पाहिलं, पान उलटून पाहिलं. दुसरं काही नव्हतं. तीन दुपारी, आणि त्या मेल्याला आठवला तो न दिलेला नकार. की इतक्या जणींत एखादी तरी नकार देणारी असावी, म्हणजे बाकीच्या खऱ्या वाटतील, म्हणून त्यानं तो बसल्या जागी रचला होता? क्षणभर तिला रागच आला. मग तिला समजलं, आपण काय करून बसलो ते.

"हे वाचून दाखवलं मोमोलोनं?" तिनं विचारलं.

"हेच. दोनदा." झोर्झीचा आवाज खरखरला. "कोट काढायला सांगितला तो यासाठी. चौथ्या बाडापासून गल्लीतला एकेक नवरा मान खाली घालून फिरतोय. म्हटलं, आपण एक दिवस ताठ बसू."

तिनं बाड मिटून मांडीवर ठेवलं.

"पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मला खटकलं," तो म्हणाला. "मोमोलोला काय कळतंय, त्यानं मोरेत्ता कुठे पाहिलीय? मी चाळीस वर्षं केल्या. मोरेत्ता घातलेली बाई बोलली कशी? एवढं लांबलचक? म्हणून त्याला पुन्हा वाचायला लावलं. म्हटलं, आपलं ऐकण्यात चुकलं असेल. मग म्हटलं, एखादं बटण सैल असेल. दोरा लांब असला तर दातात धरून दोन शब्द बोलता येत असतील. तुला विचारलं. तू नाही म्हणालीस."

ओर्सेताला शुक्रवारची दुपार आठवली, त्याचा अंगठा आणि तो सुस्कारा.

"तरी मी ठरवलं होतं," झोर्झी म्हणाला. "म्हातारा लेलिओ, मुखवट्याचं विसरला असेल. बाकीचं खरं असेल. तू तुझ्या आवाजात एकदा वाचून दाखवलं असतंस तर माझा विश्वास बसला असता. बसायला आलाच होता." तो थांबला. आंधळे डोळे पुसायला त्यानं हात वर नेला आणि तसाच खाली आणला. "पन्नास वर्षं बटण दातात धरलंस, ओर्सेता. आणखी अर्धा तास धरलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

ती रडली नाही. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, पण त्यावर आपला हातही ठेवला नाही. ती तशीच बसून राहिली. तो आता घालवून देईल की नाही हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती.

आवे मारियाची घंटा वाजायला लागली. खालचं दार वाजलं, जिन्यावर तीन-चार जणांची पावलं आणि मोमोलोची शीळ.

"मी सांगते त्यांना, तुम्हाला बरं नाही," ती घाईनं म्हणाली.

"काही सांगू नकोस. फ्रितोले दे सगळ्यांना." झोर्झीनं कोट सारखा केला आणि खुर्चीत ताठ बसला. पावलं दाराशी आली तेव्हा तो तिच्याकडे तोंड न वळवता म्हणाला, "मग वाच. मोरेत्ताच्या ओळी गाळ."

लोक आले, बसले, फ्रितोले गरम नाहीत म्हणून मोमोलोच्या बायकोनं नाक मुरडलं तरी चार खाल्ले. मालव्हाझिया ओतली गेली. ओर्सेता खिडकीपाशी बसली आणि वाचू लागली. आवाज सुरुवातीला कापत होता. लोकांना वाटलं, लाजतेय. सात पूल आले. तिनं एका ओळीवरून बोट उचललं आणि खाली ठेवलं. "'ती शांत स्वरात मला म्हणाली: कवालिएर, माझा पती साऱ्या शहराला चेहरे करून देतो...'" ती वाचत गेली. "'...तो तुम्हाला दिसणार नाही.'" तिथे पुन्हा बोट उचललं. "'पाठ फिरवून ती निघून गेली.'" शेजाऱ्यांनी झोर्झीकडे बघून माना डोलावल्या. एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

मोमोलोच्या कपाळाला आठी पडली होती. पान त्याला पाठ होतं.

"सिओरा," तो म्हणाला, "मधलं काहीतरी राहिलं. मुखवट्याचं. मोरेत्ता होती की तिच्या..."

ओर्सेताचं बोट कागदावर थांबलं. तिनं वर बघितलं नाही.

"काही राहिलं नाही," झोर्झी म्हणाला. "तिनं वाचलं तेच बरोबर आहे. पुढे वाच गं."